बत्तीस पानं एकच मूल सांभाळताना : मुलांच्या पुस्तकांचं चित्रकार व्हायचं असेल तर

चित्रं दाखवायला येणाऱ्या नव्या मुलामुलींच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा वीस-पंचवीस सुंदर चित्रं असतात. चंद्रावर बसलेली मुलगी, धुक्यातला हत्ती, पुस्तकांच्या डोंगरावर झोपलेला मुलगा. रंग छान असतात, हात तयार असतो. मी एकच विचारते, "ही मुलगी चंद्रावरून खाली उतरताना कशी दिसेल? ती पाठमोरी काढली आहेस का?" आणि तिथेच घोडं अडतं.

मुलांच्या पुस्तकात एक चित्र चांगलं येऊन भागत नाही. तेच मूल पहिल्या पानावर, सतराव्या पानावर आणि शेवटच्या पानावर तेच वाटलं पाहिजे. उजेड बदलला, कपडे भिजले, रडून नाक लाल झालं तरीसुद्धा. संपादक नमुन्यांत हेच शोधत असतात. १९ वर्षं हे काम करते आहे, आणि मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट हीच. म्हणून सुरुवात इथूनच करू.

एक मूल, बारा चित्रं

एक मूल मनाशी ठरवा. नाव द्या, वय ठरवा, आणि त्याची बारा चित्रं काढा: झोपेतून नुकतं उठलेलं, पाठमोरं, पळताना, रुसलेलं (डोळ्यांतून पाणी न काढता रुसवा दिसला पाहिजे), बूट घालताना, वरच्या मजल्यावरून दिसणारं, गर्दीत हरवलेलं, काहीतरी पाठीमागे लपवणारं, पावसात भिजलेलं. उरलेली तीन तुमची. मग सगळी चित्रं जमिनीवर मांडा आणि चित्रकलेशी संबंध नसलेल्या कुणालातरी बोलावून विचारा, "यात किती मुलं आहेत?" "एकच की!" असं उत्तर आलं तर पुढे जा. "तीन-चार" असं आलं तर पुन्हा बसा. मला या एका कामाला चार महिने लागले होते.

मोठ्या माणसाला लहान करून काढलं की मूल होत नाही. मोठ्यांची उंची त्यांच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते; दोन वर्षांच्या मुलाची जेमतेम पाचपट, सहा-सात वर्षांच्या मुलाची सहाच्या आसपास. लहान मुलाचे डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या खाली येतात, वर कपाळ भरपूर उरतं. पण ही मापं पाठ करून हालचाल साधत नाही. त्यासाठी मुलं खेळतात तिथे वही घेऊन बसावं लागतं, अर्थातच आईबाबांना सांगून. तीन वर्षांचं मूल मुंगी बघायला उकिडवं बसतं तेव्हा तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले असतात, गुडघे खांद्यांशी येतात, पोट मधे मोकळं लोंबतं आणि हात गुडघ्यांवर नसतात, ते दोन पायांच्या मधून मुंगीकडे गेलेले असतात. ही बैठक मी कुठल्याही चित्रकलेच्या पुस्तकात पाहिली नव्हती. वीस-तीस सेकंदांत मूल उठून जातं, तेवढ्यात जे कागदावर येईल ते आपलं. खोडरबर घरीच ठेवा.

डमी : आठ कागद आणि एक सुई

आता आठ कोरे कागद घ्या. सगळे एकत्र मधोमध दुमडा, घडीवर सुई-दोऱ्याने तीन टाके घाला. ३२ पानांचं कोरं पुस्तक तयार. याला डमी म्हणतात, आणि माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात मोठं शिक्षण याच वस्तूत आहे.

बत्तीसच का? छापखान्यात मोठ्या कागदाच्या एका बाजूला १६ आणि दुसऱ्या बाजूला १६ पानं छापून तो कागद दुमडून कापला की ३२ पानं होतात आणि कागद वाया जात नाही. म्हणून चित्रपुस्तकांच्या पानांचा आकडा सहसा आठच्या पटीत असतो: १६, २४, ३२, ४०. बत्तीस पानांत पहिलं पान एकटं उजवीकडे येतं, शेवटचं एकटं डावीकडे, आणि मधे समोरासमोरच्या पानांच्या पंधरा जोड्या. या जोडीला आम्ही स्प्रेड म्हणतो. शीर्षकाचं पान, प्रकाशनाची माहिती वगैरे वजा जाता गोष्टीला बारा ते चौदा स्प्रेड उरतात. गोष्ट कितीही मोठी वाटली तरी ती एवढ्यातच बसवायची.

डमीत काढण्याआधी एका मोठ्या कागदावर हे सगळे स्प्रेड काड्यापेटीएवढे काढून घ्या. आकार लहान ठेवण्याला कारण आहे. मोठं काढलं की हात डोळे-पापण्यांत रमतो आणि पुस्तकाची चाल दिसत नाही. काड्यापेटीएवढ्या चौकटीत लगेच कळतं की सलग पाच स्प्रेडमध्ये पात्रं मधोमध उभी आहेत, सगळं एकाच अंतरावरून पाहिलेलं आहे, कुठे श्वास घ्यायला मोकळी जागा नाही. एक चित्र दुरून, पुढचं अगदी जवळून, एक जवळजवळ रिकामं: पुस्तकाला अशी लय लागते. आणि पान उलटणं हे तुमचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. दार वाजलं, हे उजव्या पानावर. दारात कोण, ते पान उलटल्यावर. दोन्ही एकाच स्प्रेडवर आलं तर मुलाला पान उलटायचं कारणच उरत नाही.

मजकुराची जागा पहिल्या रेखाटनापासून ठरवा. माझ्या पहिल्या पुस्तकात मी चित्रं कडेपर्यंत भरून टाकली होती. शेवटी अक्षरं मुलीच्या फ्रॉकवर छापली गेली आणि फ्रॉकची नक्षी आणि वाक्य दोन्ही वाया गेली.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे मी खऱ्या अर्थाने चित्रकार झाले असं मला वाटतं. माझ्या पहिल्या डमीत एक मुलगी हरवलेली मांजर शोधत फिरते. मधल्या स्प्रेडवर मी एक प्रचंड झाड काढलं होतं, नुसत्या पानांवर तीन दिवस घालवले होते. मैत्रिणीच्या पाच वर्षांच्या लेकीला ती डमी वाचून दाखवत होते. झाडाचं पान आलं. तिने झाडाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं बोट सरळ डावीकडे खालच्या कोपऱ्यात गेलं. तिथे मी जागा रिकामी वाटते म्हणून कुंपणाआडून डोकावणारं शेपटीचं टोक काढलं होतं. "इथे आहे!" ती म्हणाली. मग माझ्या हातातून डमी घेऊन तिने मागची सगळी पानं पुन्हा उलटली, एकेका कोपऱ्यावर बोट फिरवत. आधीच्या कुठल्याही पानावर शेपटी नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी विसरल्यासारखं. त्या रात्री मी डमी पुन्हा काढायला घेतली. प्रत्येक स्प्रेडवर शेपटी आली: पडद्याआड, बादलीमागे, भिंतीवरच्या सावलीत. मजकुरात शेपटीचा उल्लेख एकदाही नव्हता.

शब्द सांगतात तेच चित्राने पुन्हा सांगितलं तर चित्राची गरज काय? वाक्य असेल, 'घरात सगळे झोपले होते', तर चित्रात कुणीतरी जागं असू द्या. एकोणिसाव्या शतकात रँडॉल्फ कॉल्डेकॉट यांनी हे फार सुंदर करून दाखवलं. त्यांच्या चित्रांत मजकुरात नसलेल्या घटना घडतात. अमेरिकेत १९३८पासून दरवर्षी चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला त्यांच्याच नावाचं पदक दिलं जातं. गेल्या काही वर्षांतली पदकविजेती पुस्तकं ग्रंथालयात मिळाली तर आधी मजकूर झाकून नुसती चित्रं वाचा, मग चित्रं झाकून नुसता मजकूर. दोन्हींमधलं अंतर वहीत लिहून काढा.

स्वतःची गोष्ट नसेल तर जुनी लोककथा घ्या. लोककथा कुणा एकाच्या मालकीची नसते. तीन डमी पूर्ण करा. तिसरीनंतर हात वेगळा चालायला लागतो.

नमुने आणि पत्र

नमुन्यांच्या संचात दहा-बारा चित्रं पुरतात. त्यांत एकाच गोष्टीचे किमान तीन सलग स्प्रेड हवेत, मजकुराची जागा सोडलेले. एक घराच्या आतलं दृश्य, एक गर्दी, एक प्राणी, एक काळंपांढरं. थोड्या मोठ्या मुलांच्या कादंबऱ्यांत काळ्यापांढऱ्या चित्रांना मागणी असते आणि नवे चित्रकार हे दार हमखास विसरतात. कच्चं चित्र, 'हेही असू दे' म्हणून, ठेवू नका. संपादकाच्या लक्षात नेमकं तेच राहतं. जलरंग, कोलाज, पेन्सिल, टॅब्लेट, माध्यम कुठलंही चालतं. पण बारा चित्रांत सहा वेगळे हात, म्हणजे सहा वेगळ्या शैली, दिसल्या तर काम कुणाच्या भरवशावर द्यायचं ते समोरच्याला कळत नाही.

पाठवण्याआधी प्रकाशकांची अलीकडची पुस्तकं चाळा. कोणत्या वयासाठी, कोणत्या आकारात, कसा हात त्यांना आवडतो ते टिपा. कला संपादक कोण आहे ते शोधून त्यांच्या नावाने लिहा. पत्र पाच-सहा ओळींचं: तुम्ही कोण, त्यांचं कोणतं पुस्तक तुम्हाला का जवळचं वाटलं, संकेतस्थळाचा दुवा, सोबत हलकी पीडीएफ. मूळ चित्रं कधीही पाठवू नका. दोन-तीन महिन्यांनी एकदा आठवण करा, आणि पुढच्या वेळी लिहिताना नवं काम दाखवायला जवळ असू द्या. नुसतं 'पाहिलंत का?' असं विचारलेल्या पत्राला मला कधी उत्तर आलं नाही. 'ही नवी तीन चित्रं' म्हटल्यावर आलं.

लेखक मित्र म्हणतो, "माझ्या गोष्टीची सगळी चित्रं काढ, मग दोघं मिळून प्रकाशकाकडे जाऊ." या फंदात पडण्याआधी एक माहीत असू द्या: बहुतेक प्रकाशक लेखक आणि चित्रकार यांची जोडी स्वतः लावतात. तुम्ही वर्षभर राबून काढलेली चित्रं बाजूला ठेवून ते नुसती गोष्ट घेऊ शकतात. फार तर दोन स्प्रेड आणि काड्यापेटीएवढी रेखाटनं करून द्या.

इटलीतल्या बोलोन्या शहरात १९६४पासून मुलांच्या पुस्तकांचा जागतिक मेळा भरतो. तिथल्या चित्रकारांच्या प्रदर्शनासाठी पाच चित्रांचा संच मागवतात, आणि एकही पुस्तक न छापलेल्या चित्रकारालाही त्यात भाग घेता येतो. निवड होवो न होवो, पाच चित्रांतून एक गोष्ट सांगायची ही अट फार कामाची आहे. मी दरवर्षी ती स्वतःला घालून घेते, पाठवायचं नसलं तरी.

करार

इथे मी सावकाश लिहिणार आहे, कारण इथे मी स्वतः फसले.

तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी एक पानाचा करार समोर आला. त्यात एक ओळ होती: चित्रांचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे. मानधन एकरकमी. काम मिळतंय या आनंदात मी सही केली. दोन वर्षांनी माझी ती गालावर तीळ असलेली मुलगी एका वहीच्या मुखपृष्ठावर दिसली, मग एका कोड्याच्या डब्यावर, मग पाण्याच्या बाटलीवर. कुठेच माझं नाव नाही, आणि पदरात काहीही पडलं नाही. तक्रार कुठल्या तोंडाने करणार, सही माझीच होती. सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच: त्या मुलीला घेऊन दुसरी गोष्ट करायची होती, ती मला करता येईना.

म्हणून नीट समजून घ्या. चित्र काढलं त्या क्षणी त्याचा कॉपीराइट सहसा तुमचा असतो. १८८६च्या बर्न करारातल्या देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. प्रकाशकाला हक्क विकायचा नसतो, वापरायची परवानगी द्यायची असते. त्या परवानगीला मर्यादा घाला: कोणत्या भाषेत, कोणत्या प्रदेशात, किती वर्षं, छापील पुस्तक की ई-पुस्तकही. वह्या, खेळणी, कपडे, चित्रपट हे सगळं वेगळं, आणि त्याचे पैसे वेगळे. तुमची चित्रं संगणकाला चित्रं काढायला शिकवण्यासाठी वापरायची मुभा करारात कुठे दडलेली नाही ना, तेही आता वाचावं लागतं.

पैसे दोन तऱ्हांनी मिळतात. एकरकमी मानधन, किंवा विक्रीवर रॉयल्टी (खपलेल्या प्रतींमागे ठरलेला वाटा) आणि त्यापोटी आगाऊ रक्कम. आगाऊ रक्कम विक्रीतून फिटल्यावरच पुढची रॉयल्टी सुरू होते, आणि पुस्तक खपलं नाही म्हणून ती परत करावी लागू नये, असं स्पष्ट लिहून घ्या. चित्रपुस्तकात चित्रकाराचं काम लेखकापेक्षा कमी नसतं, म्हणून रॉयल्टी अर्धी-अर्धी मागण्यात संकोच नको. एकरकमी काम वाईटच असतं असं नाही. पाठ्यपुस्तकं, मासिकं यांत तीच पद्धत आहे. पण एकरकमी मानधन घेतलं म्हणजे कॉपीराइटही दिला, असं होऊ देऊ नका. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

हप्ते मागा: सहीला एक, कच्ची रेखाटनं मंजूर झाल्यावर एक, अंतिम चित्रं दिल्यावर एक. दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या ते लिहून घ्या, नाहीतर नवव्या वेळी कुत्र्याचा रंग बदलत बसाल. प्रकाशकाने काम मधेच थांबवलं तर झालेल्या कामाचे पैसे. मूळ चित्रं तुमच्याकडे परत. आणि मुखपृष्ठावर तुमचं नाव. हे मानापमानाचं प्रकरण नाही. ग्रंथालयाच्या आणि विक्रीच्या नोंदींत नाव नसेल तर पुढचा प्रकाशक तुम्हाला शोधणार कसा? ब्रिटनमध्ये सारा मॅकिन्टायर या चित्रकर्तीने चित्रकारांच्या नावासाठी मोठी मोहीम चालवली ती यासाठीच.

प्रत्येक ओळीवर बोलणी करता येतात. मी आता "ही ओळ मला जमणार नाही" एवढंच लिहून पाठवते. निम्म्याहून जास्त वेळा ती ओळ बदलून येते.

प्रत्यक्ष काम

बत्तीस पानांच्या पुस्तकाला मला सहा ते नऊ महिने लागतात. नव्या माणसाने वर्ष धरावं. सुरुवातीच्या काळात यावर घर चालेल असं गृहीत धरू नका. मी सहा वर्षं सकाळी नोकरी आणि संध्याकाळी चित्रं अशी काढली आणि त्याचं मला दुःख नाही. प्रत्येक स्प्रेडला लागलेले तास लिहून ठेवा. पुढच्या कामाचं मानधन सांगताना ती वही कामाला येते.

रंगवायला घेण्याआधी पात्राचा तक्ता भिंतीवर लावा: समोरून, बाजूने, पाठमोरं, शेजारी उंचीची तुलना, रंगांचे ठिपके. माझ्या एका पुस्तकात मुलीची केसातली क्लिप सहाव्या पानावर डावीकडे आहे आणि एकोणिसाव्या पानावर उजवीकडे. मी पाहिलं नाही, संपादकांनी पाहिलं नाही, प्रूफ तपासणाऱ्यांनी पाहिलं नाही. पहिल्याच वाचनात पुढच्या रांगेतल्या मुलाने हात वर केला. तेव्हापासून तक्त्यात 'डावी बाजू' असं लाल अक्षरांत लिहिते.

छपाईचं थोडं, पण अडतं ते इथेच. चित्र छापायच्या आकारात ३०० डीपीआयला (दर इंचात ३०० ठिपके) हवं. कडेपर्यंत जाणारं चित्र चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त काढा, कापताना तेवढं जातं. पुस्तकाच्या मधल्या घडीत चेहरा किंवा हात येऊ देऊ नका, शिवणीत नाक गडप होतं. पडद्यावर झळाळणारा हिरवा आणि निळा चार शाईंच्या छपाईत मवाळ होतो. फायली आरजीबीतून (पडद्याचे लाल-हिरवा-निळा रंग) सीएमवायकेत (छपाईच्या चार शाई) नेल्यावर काय होतं ते पहिल्या स्प्रेडलाच तपासा, चौदाव्याला नको. मजकूर चित्रात रंगवू नका. अक्षरं वेगळ्या थरावर आणि फक्त काळ्या शाईत असली तर दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीसाठी नुसती काळ्या रंगाची प्लेट (छपाईचा साचा) बदलून भागतं, आणि अशा आवृत्त्यांतून तुमच्या पुस्तकाचं आयुष्य वाढतं. पाटी, पत्र, दुकानाची फळी अशी अक्षरं चित्रातच हवी असतील तर तीही वेगळी द्या.

प्रूफ आलं की आधी रंग पाहू नका. पात्राचा तक्ता शेजारी ठेवून पानं मोजत जा: क्लिप, बुटाची नाडी, खिशाची बाजू, मांजराची शेपटी. मग रंग.

पुस्तक छापून आल्यावर मुलांमध्ये जाऊन वाचा. पहिल्या वेळी मी पुस्तक स्वतःच्या हातात धरते, दुसऱ्या वेळी त्यांच्या हातात देते आणि मागे बसते. कोण कुठल्या पानावर थांबतं, कोण मागे उलटतं, बोट कुठे जातं ते वहीत टिपते. पुढच्या डमीच्या काड्यापेट्या त्याच वहीच्या मागच्या पानांवर असतात.